संचालक मंडळातली स्त्री कोण? डायव्हर्सिटीचा अर्धाच सांगितलेला इतिहास

दरवर्षी ८ मार्च जवळ आला की अर्थविषयक वर्तमानपत्रांत एक ठरलेला लेख येतो. भारतीय कंपन्यांच्या संचालक मंडळांवर स्त्रिया किती, गेल्या वर्षीपेक्षा वाढल्या की घटल्या, नॉर्वे किती पुढे आणि आपण किती मागे. सोबत काचेच्या इमारतीत हसणाऱ्या चार स्त्रियांचा फोटो. त्या लेखातल्या आकड्यांबद्दल आमची तक्रार नाही. २०१३ चा कंपनी कायदा येण्यापूर्वी मोठ्या कंपन्यांच्या संचालकांत स्त्रियांचे प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या घरात होते, आज ते पाचव्या हिश्शाच्या आसपास आले आहे. ही वाढ खरी आहे. ती उद्योगपतींच्या मनपरिवर्तनातून नव्हे, कायद्याच्या सक्तीतून झाली, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तक्रार आहे ती त्या लेखात सांगितल्या जाणाऱ्या इतिहासाबद्दल. तो इतिहास ओस्लोला सुरू होतो आणि मुंबईच्या बांद्रा-कुर्ला संकुलात संपतो. त्यात नागपूर येत नाही आणि भोपाळही येत नाही. ही दोन गावे गाळली की भारतातल्या डायव्हर्सिटीची गोष्ट उच्चजातीय स्त्रीच्या यशाची गोष्ट होऊन जाते, आणि सध्या ती तशीच सांगितली जाते.

नागपूरपासून सुरुवात करू. २० जुलै १९४२ रोजी तिथे दलित वर्ग महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याबद्दलचे बाबासाहेबांचे प्रसिद्ध उद्गार याच परिषदेतले. ते आपल्या प्रत्येक पोस्टरवर असतात, १४ एप्रिलला तर गल्लोगल्ली. पण त्या दिवशी मंडपात बसलेल्या हजारो बायांनी जे ठराव केले ते किती जणांनी वाचले आहेत? भाषण बाबासाहेबांचे म्हणून टिकले, ठराव बायांचे म्हणून विस्मरणात गेले. ही आपल्या चळवळीतली जुनी खोड आहे आणि ती बोलून दाखवायला हवी.

त्या ठरावांत स्त्रीला घटस्फोटाचा अधिकार मागितला होता, बहुपत्नीत्वाचा निषेध केला होता. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांत राबणाऱ्या बायांना पगारी रजा, दुखापतीची भरपाई आणि निवृत्तिवेतन मिळावे असे म्हटले होते. कायदेमंडळांत आणि स्थानिक संस्थांत स्त्रियांना जागा हव्यात, अशीही मागणी होती. आणि या सगळ्यांबरोबर एक ठराव असा की गिरणीत काम करणाऱ्या बायांवर देखरेख करायला स्त्रियाच नेमाव्यात.

या शेवटच्या ठरावापाशी आम्ही थांबतो. वरवर पाहता तो लहानसा वाटतो. पण त्या काळची गिरणी डोळ्यांसमोर आणा. मुंबईच्या कापड गिरण्यांत १९२० च्या दशकात सुमारे पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या, त्यातल्या बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. कामावर घेणे, काढणे, आज पाळी देणे, उद्या न देणे हे सगळे मुकादमाच्या हाती असे. बायांच्या खात्यांत काही ठिकाणी नायकीण असे, पण तीही याच भरती आणि दस्तुरीच्या साखळीतली एक कडी होती. अस्पृश्य कामगाराला तर जास्त मजुरीच्या विणाई खात्यात पाऊलच टाकता येत नसे, कारण धोट्यातून धागा ओढायला तोंड लावावे लागे आणि सवर्ण कामगाराला तो विटाळ चालत नसे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा वर्गएकजुटीची भाषा बोलणाऱ्यांची अडचण झाली. अस्पृश्य स्त्री या दोन्हींच्या खाली होती. स्त्री म्हणून मुकादमाच्या मर्जीवर आणि जात म्हणून कमी मजुरीच्या खात्यात.

अशा जागेवरून ‘देखरेख करणारी स्त्री हवी’ असे म्हणणे म्हणजे नुसती सोय मागणे नव्हे. श्रमावर हुकूम कोणाचा चालतो, हे त्या बायांना रोजच्या अनुभवातून ठाऊक होते आणि त्या हुकमाच्या जागेवर त्यांनी हक्क सांगितला. व्यवस्थापनात स्त्री असावी हा विचार भारतात कोणी मांडला असे विचारले, तर आमचे उत्तर नागपूरचे आहे. हार्वर्डच्या केस स्टडीत तो सापडणार नाही.

या मागणीमागे बाबासाहेबांची चौदा वर्षांची मांडणीही होती. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी म्हटले होते की स्त्रीच्या श्रमातून मालकाला नफा होतो, तेव्हा तिच्या बाळंतपणाचा काही भार त्यानेही उचलला पाहिजे. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांतात तो कायदा झाला. नफा आणि जबाबदारी यांची ही सांगड लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

आता दुसरे टोक पाहू. त्या गिरण्यांच्या वरच्या मजल्यावर कोण बसत होते? संचालक मंडळ नावाला असे. खरा कारभार मॅनेजिंग एजन्सीचा, म्हणजे एकेका घराण्याच्या पेढीचा. कंपनी भागधारकांची, सत्ता मात्र कुटुंबाची, अशी ती रचना. कायद्याने ती पद्धत ३ एप्रिल १९७० पासून बंद झाली. पद्धत गेली, घराणी राहिली. त्या काळात वर पोचलेल्या मोजक्या स्त्रियांत सुमती मोरारजी यांचे नाव घ्यावेच लागेल. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनचा कारभार त्यांनी समर्थपणे चालवला आणि १९५६ मध्ये भारतीय जहाजमालकांच्या संघटनेच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल आम्हाला शंका नाही. पण त्या दारातून आत आल्या ते दार सासरचे होते. घराण्यात जन्म किंवा घराण्यात लग्न, याशिवाय तिसरा रस्ता तेव्हा नव्हता. जात आपल्या हद्दी लग्नाच्या नियमाने राखते हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबियातल्या निबंधात दाखवले होते. भारतीय भांडवलाच्या हद्दीही त्याच नियमाने राखल्या गेल्या.

पुढचा टप्पा भोपाळचा. १२ आणि १३ जानेवारी २००२ रोजी तिथे दलित विचारवंतांची आणि कार्यकर्त्यांची परिषद झाली आणि भोपाळ घोषणापत्र आले. एकवीस कलमी कार्यक्रम. चंद्रभान प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या काळ्या समाजाचा दाखला देऊन सांगितले की सरकारी नोकऱ्या आकसत चालल्या आहेत, तेव्हा खाजगी भांडवलात, पुरवठ्याच्या कंत्राटांत, बाजारात आमचा वाटा हवा. ‘डायव्हर्सिटी’ हा शब्द भारतीय उद्योगजगताच्या तोंडावर पहिल्यांदा जोराने फेकला तो दलितांनी. आपल्यातल्या अनेकांना भोपाळची दिशा पटली नव्हती. दलित भांडवलशाहीने मुक्ती येते यावर आमचाही विश्वास नाही, १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी मुख्य उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत असे का म्हटले ते आम्ही विसरलेलो नाही. तरी शब्द कोणाचा होता, याची नोंद खरी राहिली पाहिजे.

योगायोग असा की पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी २००२ मध्ये, नॉर्वेचे उद्योगमंत्री आन्सगार गाब्रिएल्सेन यांनी कंपन्यांच्या संचालक मंडळांवर ४० टक्के स्त्रिया हव्यात असे जाहीर करून खळबळ उडवली. हा माणूस डाव्या पक्षाचा नव्हता, कंझर्व्हेटिव्ह होता. तेव्हा तिथल्या मंडळांवर स्त्रिया सहा-सात टक्के होत्या. २००३ च्या डिसेंबरात कायदा झाला, १ जानेवारी २००८ ही अखेरची मुदत ठरली, आणि पालन न करणाऱ्या सार्वजनिक कंपनीला शिक्षा काय, तर विसर्जन! ‘एवढ्या पात्र स्त्रिया आणायच्या कुठून’ हा प्रश्न तिथेही विचारला गेला. आपल्याकडे प्रत्येक रोस्टरच्या वेळी जो विचारला जातो, अगदी तोच. मुदत आली तेव्हा स्त्रिया सापडल्या होत्या. काही कंपन्यांनी कायद्याच्या कक्षेतून निसटण्यासाठी आपले स्वरूप बदलले, काही मोजक्या स्त्रिया अनेक मंडळांवर दिसू लागल्या, हेही झाले. पण कंपनी बंद होईल या भीतीने गुणवत्तेचा प्रश्न सहा वर्षांत सुटला.

नॉर्वेबद्दलची एक गोष्ट आपल्याकडचे लेख हमखास वगळतात. तिथे १९७२ च्या कायद्यापासून मोठ्या कंपन्यांच्या मंडळांवर कामगारांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसत होते. स्त्रियांचा कोटा त्या पायावर उभा राहिला. आपल्या संविधानातही ४२ व्या दुरुस्तीने १९७६ मध्ये कलम ४३-अ आले, व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा असे सांगणारे. ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणजे कोर्टात जाऊन मागता येत नाही. नॉर्वेचा कोटा आणताना आपण त्याच्या खालचा पाया तिकडेच ठेवून आलो.

मग इथे काय घडले? २००४ मध्ये केंद्रात आलेल्या आघाडी सरकारने किमान समान कार्यक्रमात खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाबद्दल उद्योगांशी बोलणी करण्याचे म्हटले. उद्योगजगतात आकांत झाला. गुणवत्ता, स्पर्धा, परकीय गुंतवणूक, सगळी अस्त्रे बाहेर निघाली. २००६ मध्ये सीआयआय आणि असोचॅम यांनी जे. जे. इराणी यांच्या नेतृत्वाखाली कृतिदल नेमले आणि तोडगा निघाला तो स्वेच्छेचा. कंपन्या आपणहून आचारसंहिता पाळतील, प्रशिक्षण देतील, शिष्यवृत्त्या देतील. कायदा नको. शिष्यवृत्ती घ्या, खुर्ची मागू नका, असा त्याचा अर्थ होता.

ऑगस्ट २०१२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त डी. अजित, हान डोंकर आणि रवी सक्सेना यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. देशातल्या वरच्या १,००० कंपन्या, त्यांचे ९,०५२ संचालक, वर्ष २०१०. आडनावांवरून जातीचा अंदाज बांधण्याची पद्धत त्यांनी वापरली. तिच्या मर्यादा आहेत, पण निष्कर्ष इतका एकतर्फी होता की थोड्याफार चुकीने तो हलत नाही. जवळजवळ ९३ टक्के संचालक उच्च जातींचे. त्यात वैश्य ४६ टक्के, ब्राह्मण ४४.६ टक्के. ओबीसी ३.८ टक्के. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून ३.५ टक्के. संचालक मंडळ ही व्यावसायिक संस्था नसून जातीचे जाळे आहे असेच त्यातून दिसले.

याच सुमारास नवे कंपनी विधेयक संसदेपुढे होते. १८ डिसेंबर २०१२ रोजी लोकसभेने ते मंजूर केले, ८ ऑगस्ट २०१३ रोजी राज्यसभेने. म्हणजे तो अभ्यास छापून आल्यावर लोकसभेतल्या मंजुरीपर्यंत चार महिने होते आणि राज्यसभेपर्यंत वर्ष. कायद्याच्या कलम १४९ मध्ये आले ते एवढेच की ठरावीक वर्गातल्या कंपन्यांवर किमान एक स्त्री संचालक हवी. नियमांनी तो वर्ग ठरवला. सगळ्या सूचिबद्ध कंपन्या, शिवाय १०० कोटींचे भरणा भांडवल किंवा ३०० कोटींची उलाढाल असलेल्या सार्वजनिक कंपन्या. ९३ टक्क्यांच्या आकड्यावर एक ओळही नाही.

त्याच कायद्याचे कलम १३५ उघडून बघा. तिथे सीएसआर आहे, नफ्याच्या सरासरीचे दोन टक्के. तो पैसा कशावर खर्च करायचा त्याची यादी सातव्या अनुसूचीत आहे आणि तिथे सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास घटकांची विषमता कमी करण्याचा उल्लेख आहे. एका कायद्यात दोन वाटा. स्त्रीला मंडळावर जागा आणि मागासांना देणगी. बहुजन समाज या कायद्याला दिसला तो लाभार्थी म्हणून, निर्णय घेणारा म्हणून नव्हे. १९२८ मध्ये बाबासाहेब मालकावर जबाबदारी टाकत होते, आता मालक दाता झाला आणि पाटीवर त्याचे नाव लागले.

मुदत जवळ आली तसे खरे चित्र उघडे पडले. सेबीने आधी १ ऑक्टोबर २०१४ ही तारीख दिली होती, ती १ एप्रिल २०१५ पर्यंत वाढवली. नॉर्वेत कंपनी विसर्जित होणार होती, इथे दंड सुरू झाला ५०,००० रुपयांपासून. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला एवढा दंड म्हणजे दिवाळीच्या मिठाईचा खर्च. शेवटच्या महिन्यांत कंपन्यांनी घरातच शोध घेतला. पत्नी, मुलगी, सून, बहीण. जून २०१४ मध्ये रिलायन्स इंडस्ट्रीजच्या मंडळावर पहिली स्त्री आली ती नीता अंबानी. रेमंडमध्येही त्याच वर्षी प्रवर्तकांच्या पत्नी आल्या. या स्त्रियांत कर्तृत्व नाही असे आम्ही म्हणत नाही, तो आमचा विषयच नाही. मॅनेजिंग एजन्सीची जुनी रीत नव्या कलमाच्या आधाराने परत आली, हा विषय आहे.

गंमत बघा. गावात आरक्षित जागेवर सरपंच झालेल्या बाईचा नवरा खुर्चीवर बसला की ‘सरपंचपती’ म्हणून सगळा देश हसतो, त्यावर विनोदी मालिका निघतात, आणि आरक्षण कसे फसले याचा पुरावा म्हणून तेच उदाहरण दिले जाते. प्रवर्तकाची पत्नी संचालक झाली की तिचे वर्णन ‘नव्या पिढीचे नेतृत्व’ असे होते. ग्रामपंचायतीतली बाई पुष्कळदा पहिल्यांदा घराबाहेर पडलेली, भूमिहीन, तिच्यावर गावच्या वरच्या जातींचा दबाव. तरी ती शिकत गेली, दुसऱ्या खेपेला स्वतः उभी राहिली. तिच्यासाठी मापदंड कडक, आणि जिच्याकडे सगळे आहे तिच्यासाठी सैल.

पंचायतीचा दाखला आम्ही आणखी एका कारणाने देतो. १९९३ ला अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या तेव्हा त्यातच लिहिले की अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांपैकीही किमान एक तृतीयांश त्या समाजांच्या स्त्रियांना. महाराष्ट्राने २०११ मध्ये पंचायतींत स्त्रियांचा वाटा ५० टक्क्यांवर नेला. २०२३ च्या १०६ व्या दुरुस्तीतही लोकसभा-विधानसभांसाठी हीच आतली वाटणी आहे, ओबीसी स्त्री मात्र त्यात बाहेर ठेवली गेली. म्हणजे कोट्यात कोटा कसा लिहायचा हे या देशाच्या संसदेला १९९३ पासून येते. कंपनी कायदा लिहिताना ते विसरले, असे मानायला आम्ही तयार नाही.

अमेरिकेत १९७६ साली एका न्यायालयाने जनरल मोटर्सविरुद्धच्या खटल्यात जे केले त्याची आठवण होते. काळ्या स्त्रियांना कंपनीने आधी कामावरच घेतले नव्हते आणि मंदीत सगळ्यात आधी त्यांनाच काढले. न्यायालय म्हणाले, कंपनीने स्त्रिया घेतल्या आहेत (त्या गोऱ्या होत्या), तेव्हा स्त्री म्हणून भेदभाव नाही. वंशाबद्दलची तक्रार काळ्या पुरुषांच्या खटल्यात न्यावी. दोन्हींची गाठ बांधून वेगळा दावा करता येणार नाही. किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये याच निकालावरून आंतरछेदाची मांडणी केली. आपल्याकडे कंपनीला विचारा, ती स्त्री संचालकाचे नाव दाखवील. जातीबद्दल विचारा, ती सीएसआर अहवाल पुढे करील. दलित स्त्री दोन्ही कागदांच्या मधल्या फटीत.

कोटक समितीच्या शिफारशींनंतर सेबीने नियम थोडा घट्ट केला. वरच्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि १,००० कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून किमान एक ‘स्वतंत्र’ स्त्री संचालक सक्तीची झाली. पत्नी आणि सून या जागेवर चालत नाहीत. हे पाऊल चांगले आहे, त्याचे श्रेय द्यायला हरकत नाही. पण स्वतंत्र याचा अर्थ प्रवर्तकाच्या नात्यागोत्यापासून स्वतंत्र, इतकाच. निवृत्त सनदी अधिकारी, मोठ्या लॉ फर्मच्या भागीदार, बँकांच्या माजी प्रमुख, याच वर्तुळातून नावे येतात. त्या वर्तुळात शिरण्याच्या वाटा कोणासाठी बंद होत्या, हे वेगळे सांगायला नको.

‘जातीचा प्रश्न काढून तुम्ही स्त्रियांची एकजूट फोडता’ हा आक्षेप आम्हाला नेहमी ऐकवला जातो. हिंदू कोड बिलासाठी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाच्या अनुयायांना तो ऐकवावा, यात धाडस आहे. ते बिल मुख्यतः कोणत्या स्त्रियांच्या वारसाहक्कासाठी होते? जिच्या बापाकडे इस्टेट होती तिच्या. आज प्रवर्तकांच्या मुलींना शेअर्समध्ये भावाबरोबर वाटा मागता येतो, मंडळावर हक्काने बसता येते, त्यामागे ती लढाई आहे. त्या एकजुटीची किंमत आपल्या बाजूने आधीच चुकती झालेली आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच तरुणांचा असतो, आणि तो जास्त गंभीर आहे. आपली पोरे कंत्राटी कामावर, बाया सफाईला आणि घरकामाला, तेव्हा बोर्डरूमच्या खुर्च्यांशी आपल्याला काय करायचे? पण कंत्राटी कामगार किती ठेवायचे, कारखाना कुठला बंद करायचा, सफाईचे काम बाहेरच्या एजन्सीला किती दराने द्यायचे, हे त्याच खोलीत ठरते. आणि तिथला पैसाही पूर्ण परका नाही. ऑगस्ट २०१५ पासून भविष्य निर्वाह निधीच्या नव्या ठेवींचा काही भाग ईटीएफमार्फत शेअर बाजारात, याच मोठ्या कंपन्यांत, गुंतवला जातो. एलआयसीचा हप्ता तर आपल्या वस्तीतल्या किती घरांतून जातो! सरकारी कंपनी विकली की तिथले आरक्षण संपते, एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली तेव्हा ते दिसलेच. सरकारी नोकरीतला वाटा आकसत असताना खाजगी निर्णयसत्तेबद्दल गप्प राहणे परवडणारे नाही.

आपल्याकडे कर्तृत्वाची वाण आहे असेही नाही. अकोला जिल्ह्यातल्या कल्पना सरोज यांनी डबघाईला आलेली कमानी ट्यूब्स उभी केली, २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, भारतीय महिला बँकेच्या संचालक मंडळावर सरकारने त्यांना नेमले. ही तीच कमानी ट्यूब्स, जी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने कामगारांच्या सहकारी संस्थेने चालवायला घेतली होती. दलित स्त्री आणि कामगारांची मालकी, दोन्हींचा धागा असलेल्या या कंपनीची गोष्ट डायव्हर्सिटीच्या लेखांत ‘प्रेरणादायी’ सदरात जाते, धोरणाच्या चर्चेत येत नाही.

आमची मागणी सध्या फार मोठी नाही. वरच्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नमुन्यात सामाजिक जबाबदारीचा अहवाल, म्हणजे बीआरएसआर, द्यावा लागतो. त्यात संचालक मंडळावर स्त्रिया किती याचा रकाना आहे, अपंग कर्मचारी किती याचाही आहे. जातीचा नाही. तो रकाना हवा: संचालक, वरिष्ठ व्यवस्थापन, कायम कामगार आणि कंत्राटी कामगार, चारही थरांत स्त्री-पुरुष आणि सामाजिक प्रवर्ग एकत्र मांडलेला. आकडे बाहेर आले की कलम १४९ मध्ये आतल्या वाटणीची दुरुस्ती मागता येईल.

तोवर एक काम आजच करता येण्यासारखे आहे. आपल्यातल्या अनेक तरुणांकडे आता डीमॅट खाते आहे. एक शेअर असला तरी वार्षिक सर्वसाधारण सभेत बसता येते. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात, पुष्कळशा ऑनलाइन. बोलायचे असेल तर वक्ता म्हणून आधी नाव नोंदवावे लागते, त्याची पद्धत सभेच्या नोटिशीत दिलेली असते. विचारायचे ते असे: आपल्या मंडळावर अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसी समाजातली स्त्री आजवर कधी होती का, आणि नामनिर्देशन समितीने अशा उमेदवाराचा कधी विचार केला का? उत्तर टाळले तर तोच प्रश्न कंपनी सेक्रेटरीला ईमेलने पाठवा आणि लेखी उत्तर मागा. जी उत्तरे येतील ती आमच्याकडे पाठवा, कंपनीच्या नावासह ती इथे छापू.